ईएन ८ च्या बॉसला वेल्डशेजारी दुसऱ्या दिवशी तडा, १० मिमी प्लेटचे काहीच नग बेंडवर फाटतात, ६०६१ ही तडकतं: कारण आणि उपाय?

लिव्हर_जॉब (प्रश्न)

यंत्राच्या लिव्हरचं काम आहे. १० मिमी माइल्ड स्टील प्लेट प्रेस ब्रेकवर ९० अंशात वाकवायची आणि तिच्या एका पायाला भोक पाडून त्यात ६० मिमी व्यासाचा, ५० मिमी लांबीचा ईएन ८ चा (मध्यम कार्बनच्या पोलादाचा) बॉस, म्हणजे बोअरसाठीचा जाड गोल तुकडा, बसवायचा. दोन्ही बाजूंनी ८ मिमी फिलेट (कोपऱ्यात भरलेला त्रिकोणी वेल्ड), वेल्डिंगनंतर बॉसमध्ये ३० मिमी बोअर. वेल्डची कड आणि बेंडची रेषा यांत ४० मिमी अंतर आहे. लिव्हरला चालताना धक्के बसतात.

१) वेल्ड ६०१३ रॉडने, प्रीहीट (वेल्डआधी तापवणं) नाही. वेल्ड होताच सगळं चांगलं दिसतं. दुसऱ्या दिवशी बॉसच्या बाजूला, वेल्डच्या कडेला समांतर असा केसासारखा तडा डीपीमध्ये (रंगीत द्रव लावून तडे शोधण्याच्या तपासणीत) दिसतो. प्लेटच्या बाजूला कधीच नाही.

२) बेंडिंगला डायचं व्ही ६३ मिमी, पंचाची टीप ३ मिमी त्रिज्येची. एकाच शीटमधले काही नग बाहेरून फाटतात, काही व्यवस्थित येतात. प्रोफाइल प्लाझ्माने कापलेलं आहे. सर्टिफिकेटवर कार्बन ०.१९, मँगनीज १.१, सल्फर ०.०३५.

३) त्याच यंत्राचं कव्हर ब्रॅकेट ४ मिमी ६०६१-टी६ या ॲल्युमिनियम मिश्रधातूचं आहे, बेंड त्रिज्या ४ मिमी. ते जवळजवळ प्रत्येक वेळी तडकतं. शिवाय टिग वेल्ड केलेला कान लोड दिल्यावर वेल्डमध्ये नाही, वेल्डच्या बाजूला वाकतो.

तिन्हींचं मूळ कारण समजून घ्यायचं आहे, म्हणजे ड्रॉइंगमध्येच दुरुस्ती करता येईल.

---

भट्टीकाठ

पहिल्या मुद्द्यापुरतं लिहितो. हा कोल्ड क्रॅक आहे, म्हणजेच हायड्रोजन क्रॅक. वेल्ड थंड झाल्यावर, काही तासांनी किंवा अगदी दोन दिवसांनीही तो उघडतो. त्याला तीन गोष्टी एकत्र लागतात: कडक रचना, हायड्रोजन आणि खेच. तुमच्या जॉबमध्ये तिन्ही भरपूर आहेत.

कडकपणा आधी. कार्बन इक्विव्हॅलंट (पोलाद वेल्डशेजारी किती कडक होईल त्याचा अंदाज) काढा: कार्बन + मँगनीज/६ + (क्रोमियम+मॉलिब्डेनम+व्हॅनेडियम)/५ + (निकेल+तांबं)/१५. ईएन ८ मध्ये कार्बन ०.४० आणि मँगनीज ०.८० धरलं तर ०.४० + ०.१३ = ०.५३. तुमच्या प्लेटचं ०.१९ + ०.१८ = ०.३७. तडा फक्त बॉसच्या बाजूला का, हे या दोन आकड्यांतच आहे. वेल्डला लागून असलेला दोन-तीन मिमीचा पट्टा ८५० अंशांच्या वर जातो, तिथली रचना ऑस्टेनाइट (पोलादाची गरम अवस्थेतली रचना) होते आणि मागचा ६० मिमीचा थंड गोळा ती उष्णता झपाट्याने ओढून घेतो. ८०० ते ५०० अंशांमधला प्रवास काही सेकंदांत उरकला की त्या पट्ट्याचं मार्टेन्साइट (फार कडक, ठिसूळ रचना) होतं. म्हणजे पाणी न वापरता तुम्ही तिथे क्वेंचिंगच केलेलं असतं. खात्री करायची असेल तर एक नग आडवा कापून पॉलिश करा आणि वेल्डच्या कडेपासून बॉसच्या आत अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरवर मायक्रोहार्डनेस घ्या. ३५० विकर्सच्या (कडकपणाचं माप) वर आकडे आले तर धोका आहे, आणि विनाप्रीहीट ईएन ८ मध्ये ते त्याहून बरेच वर येतात. साधी कानस त्या पट्ट्यावर घसरते आणि अर्धा सेंटिमीटर पुढे गेली की चावायला लागते, एवढ्यावरूनही कळतं.

हायड्रोजन कुठून आला? ६०१३ च्या रुटाइल कोटिंगमध्ये मुळातच ओल असते. असा रॉड १०० ग्रॅम वेल्डमागे २० ते ३० मिलिलिटर हायड्रोजन सोडू शकतो. नीट वाळवलेला ७०१८ (लो-हायड्रोजन रॉड) पाचच्या आसपास राहतो. पण 'नीट वाळवलेला' हे शब्द महत्त्वाचे आहेत. ३५० अंशांवर एक तास बेक, मग १२० अंशांच्या होल्डिंग ओव्हनमध्ये, आणि वेल्डरच्या हातात एका वेळी तेवढेच रॉड द्यायचे जे चार तासांच्या आत संपतील. उघड्या पाकिटातला ७०१८ हा फक्त नावालाच लो-हायड्रोजन असतो. मिगचा सॉलिड वायरही चालतो, पण वायरवर गंज आणि भोकात कटिंग ऑइल नको.

खेच तर तुमच्या डिझाइनमध्येच आहे. गोल वेल्ड स्वतःवरच बंद होतो, त्याला आकसायला जागा मिळत नाही. बॉस ठोकून घट्ट बसवला असेल तर आणखी वाईट. व्यासावर अर्धा मिमी ढिला ठेवा.

आता पद्धत. बॉस आणि त्याभोवतीची ७५ मिमी प्लेट २०० ते २५० अंशांवर न्या. ज्वाला एका बाजूने द्या, टेम्पस्टिक (ठरावीक तापमानाला वितळणारा खडू) दुसऱ्या बाजूने लावा. ज्वाला काढल्यावर दोन-तीन मिनिटं थांबून पुन्हा तपासा, कारण ६० मिमीचा गोळा बाहेरून तापलेला दिसला तरी आतून थंड असतो. टॅकसुद्धा (जागेवर धरणारे छोटे वेल्ड) याच तापमानाला मारा. थंड जॉबवर मारलेला १० मिमीचा टॅक सगळ्यात जलद थंड होतो, तिथेच पहिला तडा पडतो आणि वरच्या वेल्डखाली गाडला जातो. ३.१५ मिमी ७०१८, डीसी पॉझिटिव्ह, ११० ते १३० अँपिअर, आर्क आखूड. ८ मिमी फिलेट एका दमात न ओढता तीन पासमध्ये, घेराचे चार भाग करून समोरासमोर. पहिले दोन पास बॉसला आणि प्लेटला टेकतील, तिसरा दोघांच्या मध्ये, बॉसच्या कडेपासून २-३ मिमी आत ठेवा. त्याच्या उष्णतेने आधीचा कडक पट्टा टेम्पर होतो, म्हणजे थोडा मऊ आणि चिवट होतो. पासमधलं तापमान २०० च्या खाली जाऊ देऊ नका. आर्क बॉसच्या पृष्ठभागावर ओढून सुरू करू नका, प्रत्येक ओरखडा हा एक छोटा मार्टेन्साइटचा ठिपका असतो.

संपल्यावर थंड होऊ न देता लगेच २५० अंशांवर दोन तास धरा, मग कोरड्या चुन्यात किंवा सिरॅमिक ब्लँकेटमध्ये गुंडाळा.

एक समज सर्रास आढळतो, की प्रीहीट केलं की मार्टेन्साइट होतच नाही. ईएन ८ मध्ये मार्टेन्साइट सुमारे ३५० अंशांना बनायला लागतं. २०० चा प्रीहीट त्याच्या खालीच आहे. प्रीहीटमुळे थंड होणं संथ होतं, त्यामुळे मार्टेन्साइट कमी बनतं. जे बनतं ते थोडं टेम्पर होत जातं, आणि मुख्य म्हणजे हायड्रोजनला बाहेर पडायला वेळ मिळतो. खोलीच्या तापमानाला तो अडकून राहतो, २०० च्या वर भराभर निघून जातो. म्हणून प्रीहीट करून ओला रॉड वापरणं किंवा कोरडा रॉड वापरून प्रीहीट टाळणं, दोन्ही अर्धवट आहे.

---

टर्नर_४५

बॉस ईएन १ ए चा केला तर? कार्बन ०.१५ च्या आत असतो, मऊ आहे, मशीनिंग सुंदर होतं. प्रीहीटची कटकटच नको.

---

भट्टीकाठ

कृपया करू नका. ईएन १ ए फ्री-कटिंग आहे, म्हणजे त्यात मुद्दाम ०.२० ते ०.३० टक्के सल्फर घातलेलं असतं, लेडेड प्रकारात वर शिसंही. चिप तुटते ती त्यामुळेच. वेल्डमध्ये हेच सल्फर वितळून येतं आणि लोह-सल्फाइडचा पातळ थर कणांच्या सीमांवर द्रवच राहतो. बाकी धातू घट्ट होऊन आकसायला लागलेला असतो, तेव्हा हा थर फाटतो. तडा वेल्डच्या मधोमध, लांबीच्या दिशेने, गरम असतानाच पडतो. त्याला प्रीहीटचा उपयोग नाही. शिसेवाल्या बारवर वेल्डिंगचा धूरही विषारी.

बॉस बदलायचाच असेल तर ईएन ३ बी किंवा सी २० घ्या, कार्बन ०.२० च्या आसपास. ईएन ८ ची ताकद बोअरला खरंच लागते का हे आधी तपासा. बऱ्याचदा झिजेसाठी ईएन ८ लिहिलेलं असतं, आणि ते काम ईएन ३ बी च्या बॉसमध्ये ब्राँझचा किंवा कडक केलेला बुश ठोकून जास्त चांगलं होतं.

मात्र ईएन ३ बी आणि ईएन १ ए चे बार डोळ्यांनी ओळखता येत नाहीत. टर्निंगवाल्याला ग्रेड लिहून द्या आणि सर्टिफिकेटवर सल्फरचा रकाना बघा, ०.०५ च्या वर दिसला तर तो बार वेल्डिंगचा नाही.

---

पत्रा_आणि_पंच

दुसऱ्या मुद्द्याचं उत्तर बहुतेक तुमच्या नेस्टिंगमध्ये (शीटवर नग मांडण्यात) आहे. शीट वाया जाऊ नये म्हणून सॉफ्टवेअर काही नग ९० अंशात फिरवतं. फाटलेले नग शीटवर कुठल्या दिशेने होते हे काढून बघा, ते एकाच दिशेचे असण्याची शक्यता फार मोठी आहे.

रोलिंगमध्ये पोलादातले मँगनीज सल्फाइडचे कण लाटले जाऊन लांबट पट्ट्या होतात. बेंडची रेषा रोलिंगला काटकोनात असेल तर बाहेरचा धातू या पट्ट्यांच्या लांबीच्या दिशेने ताणला जातो आणि फारसं बिघडत नाही. बेंडची रेषा रोलिंगला समांतर असेल तर प्रत्येक पट्टी आडवी उघडते आणि त्या फटी एकमेकींना जोडल्या जातात. ०.०३५ सल्फर नियमात बसत असेल, पण १० मिमीच्या घट्ट बेंडला तो जास्तच आहे. ०.०१० च्या आसपास सल्फर आणि कॅल्शियम ट्रीटमेंट असलेली प्लेट मिळाली तर सल्फाइड गोलसर राहतात आणि दिशेचा फरक बराच कमी होतो.

दिशेची खूण शीटवर नसेल तर एका कोपऱ्यातून ४० मिमी रुंदीच्या दोन पट्ट्या काटकोनात कापा, कडा घासा, त्याच डायमध्ये वाकवा. जी आधी फाटेल तिची बेंडची रेषा रोलिंगला समांतर आहे.

आता त्रिज्या. एअर बेंडिंगमध्ये (प्लेट डायच्या तळाला न टेकवता वाकवताना) माइल्ड स्टीलची आतली त्रिज्या मुख्यतः डायच्या उघडीवर ठरते, साधारण उघडीच्या १६ टक्के. व्ही ६३ वर ती १० मिमी येते. बाहेरचा थर किती ताणला जातो ते काढायला जाडी भागिले (दोन त्रिज्या + जाडी): १० भागिले ३०, म्हणजे ३३ टक्के. व्ही १०० घेतलं तर त्रिज्या १६, आणि १० भागिले ४२, म्हणजे २४ टक्के. सर्टिफिकेटवरचं इलाँगेशन (तुटेपर्यंतची लांबीवाढ) २३-२५ टक्के असताना ३३ टक्क्यांना प्रत्येक नग का फाटत नाही, असा प्रश्न पडेल. टेन्साइलचा आकडा पूर्ण गेज लांबीवरची सरासरी असतो. मान पडते (नमुना एका जागी बारीक होतो) तिथे स्थानिक ताण त्याहून खूप जास्त असतो. बेंडमध्ये आतला कमी ताणलेला धातू बाहेरच्या थराला आधार देतो, त्यामुळे मान लवकर पडत नाही. पण ही सवलत स्वच्छ धातूला आणि चांगल्या कडेला मिळते. सल्फाइडच्या पट्ट्या आडव्या आल्या की ती संपते.

पंचाची ३ मिमी टीप १० मिमी प्लेटला फार टोकदार आहे. ती आतून रुतते आणि वाकणं एका रेषेत गोळा होतं. टीप किमान १० मिमीची घ्या. व्ही १०० ला टनेज कमीच लागतं, मीटरमागे साधारण १०० टनांवरून ६५ वर येईल. फ्लँज मात्र किमान ७० मिमीचा लागेल, नाहीतर तो डायमध्ये घसरतो. ड्रॉइंगमध्ये ते आधी बघा.

कडा. एअर प्लाझ्माने कापलेल्या कडेत नायट्रोजन शिरलेला असतो आणि ती कडकही झालेली असते. फाटणं बेंडच्या दोन टोकांना सुरू होऊन आत येत असेल तर दोष कडेचा, मधोमध सुरू होत असेल तर दिशेचा किंवा त्रिज्येचा. बेंडच्या जागी कडेवरून १ मिमी धातू ग्राइंडरने काढा आणि बाहेर येणारा कोपरा दीड-एक मिमीने गोल करा. ग्राइंडिंगचे ओरखडे बेंडच्या रेषेला काटकोनात, म्हणजे ताणाच्या दिशेने जाऊ द्या. आडवा ओरखडा हा तयार तडाच. हीच घासलेली कड वेल्डला जाणार असेल तर दुहेरी फायदा, नायट्रोजनमुळे येणारे ब्लो होल कमी होतील.

गरम करून वाकवायचं असेल तर लालभडक, ९०० च्या आसपास. पृष्ठभाग निळा होईल इतपत, म्हणजे २०० ते ३५० मध्ये तापवून वाकवणं थंड वाकवण्यापेक्षाही वाईट. त्या पट्ट्यात पोलाद ठिसूळ होतं.

आणि ते ४० मिमी अंतर मला सगळ्यात जास्त खटकतंय. थंड वाकवलेल्या भागात डिसलोकेशनची (स्फटिकांतल्या दोषांच्या रेषांची) गर्दी असते. त्याला १०० ते ३०० अंशांची ऊब मिळाली की मोकळा नायट्रोजन तिथे जाऊन बसतो आणि धातू कडक, ठिसूळ होतो, याला स्ट्रेन एजिंग म्हणतात. तुमचा बॉसचा प्रीहीट बेंडला नेमकी तेवढीच ऊब देणार. धक्के खाणाऱ्या लिव्हरला हे नको. युरोकोड ३ मध्ये थंड वाकवलेल्या भागाच्या दोन्ही बाजूंना जाडीच्या ५ पट अंतरात वेल्ड करण्यावर त्रिज्या आणि जाडीच्या गुणोत्तरानुसार बंधनं आहेत. १० मिमीला हे ५० मिमी होतं. तुम्ही आत आहात. बॉस २० मिमी सरकवता आला तर उत्तम. प्लेट ॲल्युमिनियम-किल्ड मागवा, त्यात नायट्रोजन ॲल्युमिनियमने आधीच बांधून ठेवलेला असतो.

---

लिव्हर_जॉब

फाटलेले सगळे नग शीटवर आडवे लावलेले होते, नेस्टिंगची फाइल उघडून पाहिली. बॉस सरकवून ते अंतर ६५ मिमीपर्यंत नेता येईल.

भट्टीकाठ, एक शंका. प्रीहीट टाळायला ३०९ स्टेनलेस रॉड वापरावा असं सुचवलं जातं. चालेल का?

---

भट्टीकाठ

दुरुस्तीला, जिथे प्रीहीट शक्यच नाही तिथे, चालतं. ३०९ किंवा ३१२ चा वेल्ड ऑस्टेनिटिक असतो. हायड्रोजन त्यात जास्त विरघळतो आणि तिथून हलत नाही, त्यामुळे कडक पट्ट्यापर्यंत कमी पोचतो. वेल्ड स्वतः लवचीक असल्याने खेचही थोडी शोषतो. पण बॉसमधलं मार्टेन्साइट जसंच्या तसं राहतं, ते रॉडवर अवलंबून नाही. धक्क्याखाली तोच पट्टा तुटेल. शिवाय स्टेनलेस दर अंशाला कार्बन स्टीलच्या जवळपास दीडपट प्रसरण पावतं, आणि नंतर स्ट्रेस रिलीव्ह (भट्टीत तापवून अडकलेली खेच काढणं) केलं तर कार्बन सीमेवरून स्टेनलेसकडे सरकून तिथे एक कडक आणि एक मऊ पट्टा तयार होतो. नवीन कामाला ७०१८ आणि प्रीहीटच.

---

हलके_धातू

६०६१ बद्दल. तडकणं आणि वेल्डशेजारी वाकणं या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. टी६ ची ताकद मॅग्नेशियम-सिलिकॉनच्या अतिसूक्ष्म कणांतून येते. ५३० अंशांवर विरघळवून, पाण्यात क्वेंच करून, मग १७५ अंशांवर सुमारे ८ तास एजिंग करून (तापवून ठेवून) ते कण मुद्दाम बनवलेले असतात. ते डिसलोकेशन अडवतात, म्हणून ताकद मिळते आणि म्हणूनच वाकताना ताण पसरत नाही. ४ मिमी टी६ ला आतली त्रिज्या जाडीच्या ३ ते ४ पट लागते, म्हणजे १२ ते १६ मिमी. तुमची ४ आहे, तडकणारच.

वेल्डच्या उष्णतेने तेच कण शेजारच्या सुमारे २५ मिमी पट्ट्यात मोठे होतात किंवा विरघळतात. टी६ ची अल्टिमेट (तुटण्याआधीची कमाल ताकद) किमान २९० मेगापास्कल असते, वेल्डशेजारी ती १६५ धरायची. यील्ड (कायमचं वाकू लागण्याची मर्यादा) २४० वरून शंभराच्या आसपास येतं. कान वेल्डमध्ये न तुटता बाजूला वाकतो तो यामुळे. जाड फिलेट देऊन काहीच साधत नाही, उलट जास्त उष्णता जाऊन मऊ पट्टा रुंदावतो.

कव्हर ब्रॅकेटला मी सरळ ५०५२-एच३२ घेईन. त्यात हे कणांचं गणितच नाही, ताकद मॅग्नेशियम आणि थंड रोलिंगमधून येते. ४ मिमीला जाडीच्या दीड-दोन पट त्रिज्येत ते वाकतं. वेल्डशेजारी तेही मऊ होतं, पण मुळातलं अंतर लहान असल्याने घसरण कमी.

६०६१ च हवं असेल तर टी४ मध्ये (क्वेंच केलेलं, पण भट्टीत एजिंग न केलेलं) घ्या, टी४ मध्येच वाकवा (त्रिज्या तरीही दुप्पट जाडीच्या वर ठेवा), टी४ मध्येच वेल्ड करा आणि मग पूर्ण ब्रॅकेट १७५ अंशांवर ८ तास ठेवा. एवढ्याने बेस मेटल टी६ ला पोचतं आणि वेल्डशेजारचा भागही टी६ वर केलेल्या वेल्डपेक्षा बरा निघतो. टॉर्चने तापवून टी६ वाकवण्याची पद्धत टाळा. बेंड सुरेख येतो, पण ती पट्टी ॲनिल (मऊ) होते आणि पुन्हा सोल्यूशन, क्वेंच, एजिंग केल्याशिवाय ताकद परत येत नाही. वाकवलेल्या ब्रॅकेटला ५३० वरून पाण्यात टाकलं तर तो वेडावाकडा होणार हे वेगळं.

६०६१ फिलरशिवाय टिग करू नका. ते ६५२ पासून ५८२ अंशांपर्यंत हळूहळू गोठतं आणि शेवटच्या द्रवाला आकसण्याची फट भरता येत नाही, मधोमध तडा ठरलेला. ४०४३ फिलरमध्ये ५ टक्के सिलिकॉन आहे, ते मिसळलं की ती फट भरायला द्रव पुरतो. ५३५६ फिलर थोडं जास्त मजबूत आहे आणि ॲनोडायझिंगला रंग जुळतो, ४०४३ काळपट पडतं. पण जॉब सतत ६५ अंशांच्या वर चालणार असेल तर ५३५६ नको. शेवटी क्रेटर (वेल्डच्या टोकाचा खड्डा) भरूनच टॉर्च उचला. सफाईचा क्रम: आधी ॲसिटोनने तेल, मग फक्त ॲल्युमिनियमसाठी ठेवलेला स्टेनलेस ब्रश. उलटं केलं तर ब्रश तेल ऑक्साइडमध्ये घासून बसवतो, आणि त्यातल्या हायड्रोजनने वेल्डमध्ये बारीक छिद्रं पडतात.

कान लोडचा असेल तर वेल्ड कमीत कमी बेंडिंग मोमेंटच्या जागी न्या, किंवा बोल्ट लावा.

---

लिव्हर_जॉब

कव्हर ५०५२ वर नेतो. लिव्हरला स्ट्रेस रिलीव्ह लागेल का? आणि डीपी कधी करावी?

---

भट्टीकाठ

धक्के आहेत म्हणून हो, ईएन ८ ठेवणार असाल तर नक्की. पूर्ण लिव्हर भट्टीत, ५८० ते ६२० अंश, दर २५ मिमी जाडीला एक तास, म्हणजे ६० मिमी बॉसला अडीच तास. तापवण्याचा आणि थंड करण्याचा वेग ताशी १५० अंशांच्या आत, ३०० पर्यंत भट्टीतच उतरू द्या. कडक पट्टा टेम्पर होतो आणि बेंडमधलं थंड कामही बरंचसं निवळतं. बार क्वेंच-टेम्पर केलेला असेल तर टेम्परिंगचं मूळ तापमान विचारून घ्या आणि त्याच्या ३० अंश खाली राहा, नाहीतर बॉसची ताकद जाईल.

क्रम असा ठेवा: कडा घासून बेंड, बेंडच्या बाहेरच्या बाजूची डीपी, वेल्ड, २५० चा होल्ड, ४८ तास थांबून वेल्डची डीपी, मग स्ट्रेस रिलीव्ह, त्यानंतर पुन्हा एकदा डीपी. बोअर सगळ्यात शेवटी. भट्टीत बॉस थोडा हलतो, त्यामुळे आधी २७-२८ चा रफ बोअर करून ठेवला तर ३० च्या फिनिशला माल उरतो.